'आय कन्कर' म्हणण्याआधी



परवा ऑफिसात एका सहकाऱ्याने कोड तपासायला पाठवला. मी अर्धाच वाचला आणि खाली लिहून टाकलं, 'आय कन्कर'. रात्री तोच कोड प्रॉडक्शनवर बंद पडला. मग बसून या क्रियापदाचा अर्थ नीट पाहिला.

'कन्कर' (देवनागरीत लिहिला की हिंदीतला खडा वाटतो, असो!) लॅटिन 'कॉन्कुरेरे'वरून आला. 'कॉन' म्हणजे सोबत, 'कुरेरे' म्हणजे धावणे. एकत्र धावत येणं. लॅटिनमध्ये तर एकमेकांवर आदळणं हाही अर्थ होता. आपल्या 'कन्करंट प्रोग्रॅमिंग'चं मूळ हेच.

'ॲग्री'पेक्षा हा औपचारिक. माणसाशी सहमत असाल तर पुढे 'विथ', निर्णयाशी असाल तर 'इन'. कोर्टात याचा खरा वापर दिसतो. २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाच्या हक्कावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत झालं, पण निकालपत्रं लिहिली गेली सहा! मुक्काम एकच, तिथवर पोचायच्या वाटा वेगळ्या. म्हणजे कन्कर करणाऱ्यानेही स्वतःची वाट चालायची असते.

आपल्या 'संमती'त धावणं नाही, मती आहे. पण ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तात (१०.१९१) क्रम बघा: आधी सोबत चालणं, मग सोबत बोलणं, आणि मग मनं जुळणं.

मी तर जागचा हललोच नव्हतो. सहकाऱ्याला तसं सरळ सांगितलं आणि पहिल्या ओळीपासून कोड वाचायला बसलो.