डोंगरवाटेवरची सायकल

तुम्ही सायकल चालवता ना? कोणी सायकलवरून शाळेत येते, कोणी बाजारातून सामान आणते. सपाट रस्त्यावर सायकल चालवणे एकदा जमले, की मग फारसा विचार करावा लागत नाही. पण तो रस्ता संपला आणि जंगलातली पायवाट सुरू झाली तर? समोर दगड, जमिनीतून वर आलेली झाडांची मुळे, अचानक येणारी वळणे आणि तीव्र उतार! अशा वाटेवरही लोक सायकल चालवतात. या खेळाला ‘माउंटन बाइकिंग’ म्हणतात.

या खेळाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. जंगलात वणवा लागला तर गाड्या जाता याव्यात, म्हणून तेथे मातीचे रस्ते केलेले आहेत. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावर जात आणि या रस्त्यांनी खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा एका रस्त्यावर शर्यत ठेवली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात तो रस्ता जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो.

त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले, की ब्रेक लागे. लांब उतारावर सतत ब्रेक लावल्यामुळे हब अतिशय तापे. आतले ग्रीस जळून त्याचा धूर होई. खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असे नाव पडले. पहिली शर्यत अॅलन बॉन्ड्स याने जिंकली. का, ते ठाऊक आहे? शर्यतीत न पडलेला तो एकटाच होता!

या खेळाचे रहस्य यातच आहे. जंगलातल्या वाटेवर नुसता वेग कामाला येत नाही. तेथे लागतो सायकलीवर आणि स्वतःवर ताबा.

पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने अशा वाटांसाठी खास मजबूत सायकल बनवली. १९९६ मध्ये अटलांटा येथे हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला.

आता अनेक देशांत जंगलांमध्ये सायकलींसाठी वाटा आखलेल्या असतात. वाट किती अवघड आहे, हे सुरुवातीच्या फलकावरच्या खुणेवरून कळते. अमेरिकेत हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम वाट आणि काळी चौकट म्हणजे फार अवघड वाट. सोपी वाट निदान ३६ इंच रुंद असते. मध्यम वाट २४ इंचांपर्यंत अरुंद असू शकते. तिच्यावर ८ इंचांपर्यंत उंचीचे दगड किंवा मुळे आडवी येऊ शकतात. तिचा सरासरी चढ शंभर मीटरला दहा मीटरपर्यंत असतो. मात्र काही ठिकाणी तो याहून तीव्र असतो.

अशा मध्यम वाटेवर सायकल कशी चालवावी? पहिली गोष्ट नजरेची. आपण जिकडे पाहतो, तिकडे सायकल वळते. दगडाकडेच पाहत राहिलात, तर दगडावरच आदळाल! म्हणून चाकाजवळ न पाहता पुढची मोकळी वाट पाहावी.

दुसरी गोष्ट शरीराची. उतारावर सीटवर बसू नये. दोन्ही पायडले सारख्या उंचीवर ठेवून त्यांवर उभे राहावे. गुडघे व कोपरे थोडी वाकवावीत. म्हणजे दगडांचे धक्के हातापायांत जिरतात आणि पायडल दगडाला अडत नाही. उतार तीव्र असेल, तर शरीर थोडे मागे न्यावे.

तिसरी गोष्ट ब्रेकची. पुढच्या ब्रेकमध्ये अधिक जोर असतो. उतारावर तो एकदम दाबला, तर मागचे चाक उचलले जाते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. फक्त मागचा ब्रेक घट्ट दाबला, तर चाक फिरायचे थांबते आणि घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. वेग वळणावर नव्हे, वळणाच्या आधी कमी करावा. ओली मुळे तर फारच निसरडी असतात. ती तिरपी ओलांडू नयेत. चाक सरळ त्यांवरून न्यावे आणि त्या क्षणी ब्रेक लावू नये.

चढावर गिअर आधीच बदलावा. चढ सुरू झाल्यावर, पायडलवर सगळा जोर असताना गिअर बदलला, तर साखळी उतरू शकते. निघण्यापूर्वी ब्रेक व टायरमधली हवा तपासावी. हेल्मेट तर हवेच.

जंगल केवळ सायकलवाल्यांचे नसते, हेही ध्यानात ठेवा. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी. चढावरून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी उतरणाऱ्याने थांबावे. मरिनच्या डोंगरातील रस्त्यांवर सायकलीला ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची मर्यादा आहे. कोणाच्या जवळून जाताना आणि पुढचे दिसत नाही अशा वळणावर ती ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर होते. पावसानंतर चिखलातून सायकल नेली, तर वाटेत खोल चर पडतात. मग पाणी त्यांतून वाहते आणि माती वाहून जाते. अशा दिवशी वाटेला विश्रांती द्यावी.

आणि एखादी जागा आपल्या आवाक्याबाहेरची वाटली तर? सायकलीवरून उतरा आणि ती हातात धरून चाला. मित्र हसतील, हसू द्या! चांगले चालकही असे करतात. कोठे पुढे जावे आणि कोठे उतरावे, हे ज्याला कळते, तोच धडधाकट घरी पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलीवर बसतो.

शब्दार्थ
वणवा – जंगलात लागलेली आग
तीव्र – फार, जास्त
चर – लांबट खड्डा
आवाका – शक्ती, कुवत
धडधाकट – सुखरूप, निरोगी

स्वाध्याय
१. ‘रिपॅक’ हे नाव कसे पडले?
२. वेग वळणाच्या आधी का कमी करावा?
३. पावसानंतर जंगलातल्या वाटेवर सायकल का नेऊ नये?
४. नजर, जमीन, जोर, हवा हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सायकल चालवताना कोठे सावध राहावे लागते? पाच-सहा वाक्ये लिहा.