अंगणात फुलझाड लावण्याआधी

ताईंनो, पाऊस सुरू झाला की रोपांची गाडी गावात येते. फुललेलं रोप दिसलं की आपला हात बटव्याकडे जातो. जरा थांबा. आधी अंगणात ऊन कुठे पडतं ते बघा. मोगऱ्याला, जास्वंदीला भरपूर ऊन लागतं. सावलीत मोगरा नुसता पाल्याने वाढतो, कळ्या धरत नाही. आडोशाला अबोली लावा, तिला थोडी सावली चालते.

आता कण्हेर. पाणी कमी लागतं, जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून आपण ती कुंपणाला लावतो. पण तिचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी. पाला वाळला तरी विष जात नाही, आणि वाळलेला पाला शेळी खाऊन बसते. (मलाही हे इथे कामाला लागल्यावरच कळलं.) गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी अशी जायला नको. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या तर पोरं खेळायला घेतात, त्याही तितक्याच घातक. झाड आधीचंच असेल तर छाटलेलं जाळू नका, खोल पुरा.

जास्वंद मात्र विकत कशाला घ्यायची? पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी पावसाळ्यात ओल्या मातीत खोचली की फुटते. कुणाकडे लाल, कुणाकडे पिवळी असेलच. पुढच्या बैठकीला येताना चार-चार फांद्या घेऊन या.