माय-बाप कुठं भेटले?

बापाच्या बाजूच्या चार पिढ्या आपण घडाघडा सांगतो. आजा, पणजा, खापरपणजा. पण मायचं लग्नाआधीचं नाव काय? ती बापाला पहिल्यांदा कुठं भेटली? इथं आपण गप्प बसतो.

आमचंही तसंच होतं. वडील वारले. तेरावं झालं, पाहुणे गेले. आम्ही भावंडं मायजवळ बसलो होतो. सहज विचारलं, "माय, तुझी सोयरीक कुणी जमवली गं?"

माय बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "कोण जमवणार? सडकेनं जमवली!"

ही सडक आजच्या औंढा तालुक्यातली. १९७२ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. चाऱ्याविना जनावरं विकावी लागली. तेव्हा सरकारनं कामं काढली. कुठं तलाव, कुठं बांध, कुठं सडक. लाखो माणसं खडी फोडायला आणि माती टाकायला गेली. खायला सुकडी मिळे. रेशनात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी असे. तिची भाकरी थापताना तुटायची, असं माय अजून सांगते.

मायच्या घरचे दुसऱ्या गावाहून येऊन पाल ठोकून राहिले होते. खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे. मायच्या हाताला फोड आले, ढीग काही वाढेना. शेजारी आमच्या बापाचा ढीग.

"रोज सांजच्याला मह्या ढिगात जास्त खडी दिसायची," माय म्हणाली. "एक दिवस पाह्यलं, तर तुमचा बाप आपली दोन घमेली खडी मह्याकडं टाकत होता."

"मग तू काय बोललीस?"

"बोलते कशी? बाप समोर बसलेला. तांब्यातलं पाणी दिलं, झालं."

त्या साली तांब्याभर पाणी देणं म्हणजे काय, हे ज्यानं दुष्काळ पाहिला त्यालाच कळेल! आमच्या आज्यानंही ते पाहिलं. त्यानं पोराच्या घरची चौकशी केली. सडकेच्या कडेला लिंबाखाली सुपारी फुटली.

लग्नाचं साल मायला ठाऊक नाही. पण ती म्हणाली, "दुष्काळ सरला नव्हता, मिरगाच्या आधी." म्हणजे १९७३ चा उन्हाळा. साल असंच शोधावं. म्हाताऱ्या माणसाला आकडा विचारू नका. त्या वेळी पाऊस कसा होता, पीक काय होतं, ते विचारा.

जुने कागद पाहताना आणखी एक ध्यानात ठेवा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीच्या कागदावर जिल्हा परभणी दिसेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, म्हणून त्या काळचे पुष्कळ कागद उर्दूत आहेत. ते वाचणारा माणूस शोधावा लागतो.

पण कागदाआधी माणसाला त्या जागेवर न्या. घरात विचारलं तर "आता काय आठवतंय" म्हणतात. जागा दिसली की बोलू लागतात. कुणाची सोयरीक औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत ठरली असेल, कुणाची नर्सीला, कुणाची बाजारात बैलाचा सौदा करताना. जिथं असेल तिथं जा. बरोबर वही न्या.

आम्ही मायला सडकेवर नेलं. आता तिथं डांबर आहे. लिंब राहिला नाही. पण वळणावरची मोरी मायनं लगेच ओळखली. मोरीवर बसून तिनं पालातल्या सगळ्यांची नावं घेतली. मायची माय, आजी, दोन मावश्या. शेवटी स्वतःचं, लग्नात बदललेलं, माहेरचं नाव. ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आमच्यातला थोरला पन्नाशीला आलेला!

आम्ही ते नाव वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मायला दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, मग शेजारच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"आन् त्यंचं?" ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती अजून तोंडानं घेत नाही.

आम्ही ते तिथंच लिहिलं.