घाईला मीटर नसतो

मुंबईत नोकरी लागली, छान झालं गं पोरी. आता पगार गाडीभाड्यात कसा विरघळतो तेही ऐकून ठेव मावशीकडून.

१. आधी मीटरचा हिशेब पाठ कर. फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळी टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, पुढे किलोमीटरमागे २० रुपये ६६ पैसे — म्हणजे पाच किलोमीटरला १०३च्या आसपास. हे डोक्यात असलं की अ‍ॅपवरचा आकडा बघून हसायचं की रडायचं ते कळतं.

२. रिक्षा २६ला सुरू होते, तेवढ्याच अंतराला ८६ — पण माहीम-सायनच्या खाली ती येत नाही, तेव्हा दादरला उभी राहून हात करत बसू नकोस.

३. रस्ता तुंबलेला असेल तर अ‍ॅप, मोकळा असेल तर मीटर — मीटर सिग्नललाही वेटिंग मोजतो, अ‍ॅप भाडं आधीच सांगून टाकतं.

४. जुलैच्या पावसात सहा वाजता सगळं ऑफिस एकदम फोन काढतं, तेव्हा तू वर जाऊन चहा पी. मीटरचा दर सरकारी, म्हणून टॅक्सीवाला मान हलवून निघून जातो; अ‍ॅप गाडी देतं, पण गरज बघून दर लावतं — नकार फुकट, होकार विकत. केंद्राच्या २०२० च्या सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मुभा होती, २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत गेली. अर्धा तास थांबलीस तर आकडा बहुतेक वेळा उतरतो.

५. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पावपट जास्त द्यावं लागतं — तो नियमच आहे, तिथे वाद घालू नकोस.

६. चालकाने फोन करून ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ विचारलं की चिडू नकोस. बऱ्याचदा भाड्यातून कंपनीचा वाटा जातो, गाडीचा हप्ता आणि सीएनजी त्याच्याच खिशातून, आणि ऑनलाइन पैसे कंपनीच्या हिशेबातून फिरून येतात — त्याला आज पंपावर नोटा लागतात. सुट्टे जवळ ठेव, गाडी लवकर येते.

७. पण ‘मॅडम, तुम्हीच कॅन्सल करा’ म्हणाला तर मुळीच करू नकोस — दंड तुझ्या पुढच्या बिलात येऊन बसतो.

८. बिल उतरल्यावर नाही, उतरण्याआधी वाच. ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही — सी-लिंक आणि अटल सेतूला मात्र आहे, तो देताना कुरकुर नको.

९. विमानतळावर सामान घेऊन घुटमळू नकोस, प्रीपेड काउंटर आणि अ‍ॅप दोन्हींचे आकडे बघ — ‘कुठे जायचंय ताई’ म्हणत अंगावर येणाऱ्याचा आकडा बघायचीही गरज नाही.

१०. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहा — चौघांत भाडं वाटलं जातं आणि रांग दिसते तेवढी लांब नसते.

११. हे सगळं दिवसाउजेडी, नाहीतर सोबत कुणी असताना. रात्री एकटी असलीस तर दहा-वीस रुपयांची काटकसर गेली खड्ड्यात. अ‍ॅपची गाडी कर, नंबरप्लेट जुळवून बघ आणि प्रवासाची लिंक मला पाठव — मी जागीच असते.