आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?
(आतडे आणि त्वचा यांच्या संबंधाविषयी थोडेसे)

चेहऱ्यावर डाग उठला, हाताची कातडी काळवंडली किंवा अंगाला खाज सुटली की आपण प्रथम आरशासमोर उभे राहतो आणि नंतर औषधाच्या दुकानासमोर. साबण बदलतो, मलम लावतो. कातडीचा रोग कातडीवरच बरा व्हावा, अशी आपली समजूत असते. घरातील वडीलधारी माणसे मात्र असा डाग दिसला की विचारतात, "पोट ठीक आहे ना?" आपण हसतो. परंतु या साध्या प्रश्नात तथ्य किती आणि भ्रम किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल, कारण या हकिकतीतील एक महत्त्वाचे पात्र डॉक्टर नसून अर्थशास्त्रज्ञ आहे.

खाणे आणि अंगी लागणे

'खाल्लेले अंगी लागणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार फार अर्थपूर्ण आहे. अन्न पोटात गेले म्हणजे शरीरात गेले, असे नव्हे. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. पचलेले अन्न त्यांतून शोषले जाऊन रक्तात मिसळते, तेव्हाच ते खरोखर अंगी लागते.

आतड्याचे अस्तर आणि त्वचा या दोन्ही आपल्या शरीराच्या सीमा होत. दोन्ही ठिकाणी जुन्या पेशी गळत असतात व नव्या तयार होत असतात. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. त्वचेच्या वरच्या थराला साधारण महिना लागतो. ज्या कारखान्यात उत्पादन अखंड चालू असते, तेथे कच्चा माल कमी पडल्याचा परिणाम लवकर दिसतो. या दोन अवयवांचे तसेच आहे.

पेलाग्रा : एका रोगाची साक्ष

या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणजे पेलाग्रा हा रोग. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने तो गरीब शेतकऱ्यांत पाहिला. १७७१ मध्ये फ्रापोली या इटालियन वैद्याने त्याचे 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव रूढ केले. हातांच्या व पावलांच्या पाठी, मान असे उन्हात उघडे राहणारे भाग प्रथम लाल होतात, मग काळवंडतात, जाड होतात, भेगाळतात. दोन्ही हातांवर डाग सारखेच उठतात. पण रोग एवढ्यावर थांबत नाही. जीभ लाल होऊन सोलवटते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. उपचार झाले नाहीत तर मृत्यू ठरलेला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या प्रारंभी या रोगाने थैमान घातले. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे ३० लाख लोकांना तो झाला व सुमारे १ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. हा रोग संसर्गजन्य आहे असा निष्कर्ष एका आयोगाने काढला होता. साहजिकच रोग्याला लोक टाळू लागले. आधीच गरिबी, त्यात हा कलंक!

१९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सरकारने हे काम सोपविले. त्यांना एक गोष्ट खटकली. अनाथालयांतील मुलांना आणि मनोरुग्णालयांतील रुग्णांना रोग होत होता. परंतु रात्रंदिवस त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना होत नव्हता. जंतू असा भेद करील काय? भेद होता तो ताटात. गरिबांच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी, एवढेच असे. गोल्डबर्गर यांनी अनाथालयांतील मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये देवविली आणि रोग ओसरला. उलट, १९१५ मध्ये मिसिसिपी राज्यातील तुरुंगाच्या एका शेतावर माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना केवळ मका, भात, मैदा, रताळी, काकवी अशा अन्नावर ठेवले, तेव्हा ११ पैकी ६ जणांना सुमारे सहा महिन्यांत पेलाग्रा झाला. तरीही टीकाकार गप्प बसेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची पत्नी मेरी आणि काही सहकारी यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. गोल्डबर्गर व सहकाऱ्यांनी तर रोग्यांची विष्ठा व कातडीचा कोंडा पिठात मिसळून गिळला! कोणालाही रोग झाला नाही.

ताटामागील हिशेब

येथे आमच्या शाखेचा संबंध येतो. १९१६ पासून गोल्डबर्गर यांनी एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन दक्षिण कॅरोलिनातील सात गिरणीवस्त्यांची पाहणी केली. प्रत्येक घरात मिळकत किती, धान्य कोठून येते, दूध-मांस किती येते, याची नोंद केली. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढत गेले, तसतसा रोग कमी दिसला. शिवाय, मिळकत सारखी असूनही ज्या वस्तीत आसपासच्या शेतांतून ताजे अन्न विकत मिळे तेथे रोग कमी, आणि जेथे कंपनीच्या दुकानावरच भिस्त तेथे जास्त, असेही दिसून आले. म्हणजे पगार आणि पुरवठा, दोन्ही बाजू महत्त्वाच्या.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. शेतकरी भाजीपाला न लावता बांधापर्यंत कापूस लावीत, आणि आता हातात पैसाही उरला नाही. रोग वाढणार, असा इशारा १९२१ मध्ये देण्यात आला. दक्षिणेतील पुढाऱ्यांना तो आपल्या प्रांताचा अपमान वाटला! बाजारातील भावाची रेघ अशी थेट माणसाच्या कातडीवर उमटते, हे आमच्या पाठ्यपुस्तकांतही यायला हवे.

नेमके काय कमी पडत होते, याचा उलगडा १९३७ मध्ये झाला. विस्कॉन्सिनचे एल्व्हेजेम यांनी ते द्रव्य निकोटिनिक आम्ल म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व असल्याचे दाखविले. गोल्डबर्गर मात्र १९२९ मध्येच वारले होते. प्रत्येक पेशीला ऊर्जा निर्माण करण्यास आणि झालेली इजा भरून काढण्यास नायसिन लागते. म्हणून झपाट्याने झिजणारे आतड्याचे अस्तर आणि उन्हाने भाजणारी त्वचा यांना त्याची उणीव आधी जाणवते. अस्तर बिघडले की शोषण घटते, शोषण घटले की उणीव वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. दारूचे व्यसन, दीर्घकाळचे जुलाब किंवा आतड्याचा क्षय यांतही पेलाग्रा होतो, तो यामुळेच. १९५६ मध्ये वर्णन केलेल्या 'हार्टनप' या आनुवंशिक रोगात तर ताटात सर्व काही असूनही ट्रिप्टोफॅन हे द्रव्य आतड्यात नीट शोषले जात नाही, आणि अंगावर पेलाग्रासारखेच चट्टे उठतात.

आपली भाकरी

मक्यात नायसिन असते, पण बांधलेल्या स्थितीत, त्यामुळे ते शरीराला मिळत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने ते मोकळे होते. म्हणूनच मका जेथील मूळ अन्न, तेथे हा रोग फारसा नव्हता. धान्य युरोपात गेले, रीत मागे राहिली!

मग जोंधळ्याचे काय? आपल्या भागातील कन्नड बोलीत जोंधळा हा 'बिळिजोळ' आणि मका हा 'गोविनजोळ'. आडनाव एकच! योगायोग असा की, दख्खनच्या पठारावर केवळ जोंधळ्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळला. आपले शरीर ट्रिप्टोफॅनपासून, साठाला एक या प्रमाणात, नायसिन बनवते. जोंधळ्यात ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. मग रोग का? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (१९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की, जोंधळ्यातील ल्यूसीन या द्रव्याचे आधिक्य या कामात अडथळा आणते. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. दोष भाकरीचा नसून कोरड्या भाकरीचा आहे. भाकरीबरोबर आमटी, उसळ, ताक आणि शेंगदाण्याची चटणी असली की उणीव भरून निघते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण १४ ते १६ मिलिग्रॅम असते.

याच भाकरीची दुसरी बाजू पाहा. १८८४ मध्ये डॉ. डूरिंग यांनी 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' या रोगाचे वर्णन केले. त्यात कोपर, गुडघे, कुल्ले यांवर भयंकर खाजणारे बारीक फोड येतात. १९६६ मध्ये असे आढळले की, या रोग्यांचे लहान आतडेही बिघडलेले असते. गव्हातील ग्लूटेन त्यांना सोसत नाही. डॅप्सोन या औषधाने खाज लवकर थांबते, पण आतडे सुधारते ते गहू व सातू कायमचे सोडल्यावरच. या रोग्याला जोंधळ्याची भाकरी हेच पथ्य! तेव्हा कोणतेही धान्य मुळात चांगले किंवा वाईट नसते. मात्र असा संशय आल्यास तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. सोडल्यास तपासणीत रोग लपून राहतो.

तारतम्य

म्हणून प्रत्येक डाग पोटातूनच येतो, असे समजू नये. आमच्या वयातील मुरमांचे मूळ मुख्यतः संप्रेरकांत आणि त्वचेतील तैलग्रंथींत असते. चिंता, आतड्यातील जंतू आणि त्वचा यांचा परस्परसंबंध असावा, असे स्टोक्स व पिल्सबरी यांनी १९३० मध्येच सुचविले होते, आणि आज त्यावर जोराने संशोधन चालू आहे. जाहिराती मात्र संशोधनाच्या फार पुढे धावत आहेत. 'पोट साफ तर चेहरा साफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर पैसे घालविण्यापेक्षा त्याच पैशात रोज मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर ताक परवडते. डाग बरा होत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि दाखवताना पोटाची तक्रारही न लाजता सांगावी.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे खरे. पण काही वेळा आडात असूनही दोर तोकडा पडतो, तर काही वेळा आड भरण्याची ऐपतच नसते. यापुढे एखाद्याच्या हातावर डाग दिसले तर आपला हात मागे घेण्यापूर्वी, त्याच्या ताटात काय असते आणि ते त्याच्या अंगी लागते का, एवढा विचार आपण केला तरी पुष्कळ झाले.