नव्या वाद्यास कारागिराचा हात

दुकानांतून आणलेलें वाद्य नवें कोरें आहे, त्यावर ओरखडा नाहीं, तारा चकाकत आहेत; मग तें पुन्हां कारागिराकडे नेण्याचें कारण काय? हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत आम्हांस अनेक पालकांनीं विचारिला आहे. सुकापूर व पनवेल यांच्या आसपास नव्या इमारती उठल्या, तशी घरोघरीं गिटारही आली. परीक्षेंत चांगले गुण पडले म्हणजे ती मुलास बक्षीस मिळते. पुढें काय होतें तेंही आम्ही पाहात आलों आहों. पहिल्या महिन्यांत बोटांचीं टोकें सोलतात, दुसऱ्या महिन्यांत वाद्य भिंतीस टेकतें, आणि तिसऱ्या महिन्यांत ‘मुलास कान नाहीं, हात नाहीं, आणि चिकाटी तर मुळींच नाहीं’ असा घरचा निकाल लागतो. हा निकाल पुष्कळ वेळां मुलावर अन्याय करणारा असतो, असें आमचें मत आहे. तें कां, हें नीट समजावें म्हणून गिटारीकडे वळण्यापूर्वीं आपण थोडा वेळ मिरजेस जाऊं. कारण ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या महाराष्ट्रांतील कारागिरांनीं फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे.

मिरजेंत सतारी व तंबोरे करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. तो सुरू करणारे फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे तलवारी व इतर शस्त्रें यांस धार आणि झिलई देणाऱ्या घराण्यांतील होते. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हां तोच कसबी हात वाद्यांकडे वळला. आज त्या धंद्यांतील घराणीं ‘सतारमेकर’ हेंच नांव लावितात, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

ह्या मिरजेंत तंबोऱ्याचा सांगाडा पुरा झाला, पंढरपुराकडील मोठ्या भोपळ्यावर तबली बसली, रंगरोगण झालें, खुंट्या फिरूं लागल्या आणि तारा चढल्या, तरी कारागीर त्यास तयार म्हणत नाहीं. अजून जवारी व्हावयाची असते. तबलीवर जी घोडी असते तिचा माथा धारेसारखा अरुंद नसून चांगला रुंद असतो, आणि त्यास डोळ्यांस जेमतेम दिसेल असा बाक दिलेला असतो. तार ह्या बाकावरून सुटतांना कंप पावते व घोडीस पुन्हां पुन्हां निसटता स्पर्श करिते. कारागीर कानसेचे एकदोन हात मारितो, तार चढवितो, ऐकतो, उतरवितो आणि पुन्हां घासतो. मग तारेखालीं सुताचा एक धागा सरकवीत नेतो. एका विशिष्ट जागीं तो धागा आला कीं इतका वेळ मुका वाटणारा स्वर एकदम उमलतो. केसभर पुढें किंवा मागें गेला तर पुन्हां मिटतो. ह्या कामास मोजपट्टी उपयोगी पडत नाहीं. तें कानानेंच करावें लागतें.

आमच्या विषयास सर्वांत लागू अशी गोष्ट पुढेंच आहे. तंबोरा घ्यावयास आलेल्या गिऱ्हाइकास कारागीर पट्टी विचारितो. काळी एक कीं काळी पांच? पुरुषाचा आवाज कीं स्त्रीचा? त्यावर तारांची जाडी ठरते, आणि त्या तारांवर जवारी ठरते. म्हणजे वाद्य कोणाच्या गळ्याशीं जुळावयाचें आहे हें कळल्यावांचून तें पुरें होतच नाहीं. शिवाय ही जुळणी कायमची नसते. तारांच्या घर्षणानें घोडींत रेघा पडतात, स्वर बोथटतो, आणि जवारी पुन्हां काढावी लागते. गवयी तंबोरा कारागिराकडे नेतो तेव्हां वाद्य वाईट निघालें असें कोणी म्हणत नाहीं.

ह्या बारीक कामाचें महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शास्त्रीय रीतीनें दाखविलें. तार ज्या बिंदूवर छेडिली असेल, तो बिंदु ज्या उपस्वरांत स्थिर राहतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम आहे. तार बरोबर मध्यभागीं छेडिली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर नाहींसे झाले पाहिजेत. तंबोरा व वीणा हा नियम जुमानीत नाहींत, असें रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून त्याचें कारण घोडीच्या त्या बाकदार माथ्यांत शोधिलें. त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं, प्रकाशावरील कामासाठीं. परंतु ज्या बाकाकडे त्यांचें लक्ष गेलें तो बाक आपले कारागीर कानसेनें आणि कानानें साधीत आले होते.

आतां गिटार. तिच्या घोडीवर बाक नको असतो. तेथें हाडाची किंवा तत्सम पदार्थाची अरुंद पट्टी असते. परंतु कारागिराचें काम तेंच, म्हणजे तार कोठून सुटावी आणि किती उंचीवर राहावी हें ठरविणें. ह्या जुळणीस दुकानदार सेटअप म्हणतात. कारखान्यांतून गिटार बाहेर पडते तेव्हां तिच्या तारा बहुधा थोड्या उंचच ठेविलेल्या असतात. त्यांत लबाडी नसते. वाजविणारा हात हलका कीं जड हें कारखान्यास ठाऊक नसतें. तार फार खालीं असली तर पडद्यांवर खरखरते. आणि उंच पट्टी घासून कमी करणें सोपें, घासलेली पट्टी वाढविणें कठीण.

ही उंची आपणांस घरींच मोजतां येते. बाराव्या पडद्यावर मोजपट्टी उभी धरून पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचें अंतर पाहावें. पोलादी तारांच्या गिटारीवर तें जाड तारेखालीं सुमारें अडीच व बारीक तारेखालीं सुमारें दोन मिलिमीटर असावें. नायलॉनच्या तारांस अनुक्रमें चार व तीन चालतें. पोलादी तारेखालींच चार मिलिमीटर भरले, तर बारा वर्षांच्या मुलाचीं बोटें सोलावींत ह्यांत नवल तें काय? बारावा पडदा तारेच्या साधारण मध्यावर असतो. म्हणून तेथें एक मिलिमीटर कमी करावयाचा तर घोडीवरची पट्टी दोन मिलिमीटर उतरवावी लागते. ज्या विद्यार्थ्यांनीं समरूप त्रिकोण मन लावून केले असतील त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको.

उंच तारेनें बोट दुखतें एवढेंच नाहीं, स्वरही बिघडतो. मोकळी तार ही एक सरळ रेषा. ती दाबली कीं तिच्या जागीं त्रिकोणाच्या दोन बाजू होतात, आणि दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असते हें युक्लिडापासून सर्वांस ठाऊक आहे. तार तेवढी ताणली जाते व स्वर चढतो. मुलानें बोट बरोबर ठेविलें असतांही स्वर बेसूर निघतो, आणि दोष त्याच्या कानास दिला जातो. ह्याचीही परीक्षा आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेस बोट नुसतें टेकवून छेडावें, मग तेथेंच तार दाबून छेडावें. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. कान तयार नसेल तर मोबाइल फोनवर स्वर दाखविण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

नवशिक्यास सर्वांत जाचते ती मात्र दुसऱ्या टोकाची, खुंट्यांजवळची खाचांची पट्टी. त्याचे पहिले सर्व धडे पहिल्या तीन पडद्यांत असतात, आणि तेथें ह्या खाचांचीच सत्ता. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्याकडे पाहावें. तेथें केसाएवढी फट दिसावी. चांगली मोठी फट दिसली तर खाचा उथळ राहिल्या आहेत असें समजावें. त्या खोल करणें हें बारीक कानशीचें काम असून तें घरीं करूं नये. एक हात जास्त पडला तर पट्टीच बदलावी लागते.

गिटारीची मान तारांच्या ओढीनें किंचित् पुढें वांकते, आणि तिला थोडा बाक हवाच असतो. पहिला व चौदावा पडदा एकाच वेळीं दाबिला असतां मधल्या सातव्या पडद्याजवळ निमंत्रणपत्रिकेच्या कागदाइतकी फट पुरे. तिचें नियमन मानेच्या पोटांतील पोलादी सळईनें होतें. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅक्‌ह्यू यांस ह्या सळईचें पेटंट १९२३ सालीं मिळालें. नायलॉन तारांच्या गिटारींत ती बहुधा नसते. आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांस सळईची चावी फिरविण्याचा मोह फार. कारागीर एका वेळीं पाव फेऱ्याहून जास्त फिरवीत नाहीं, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. लिओ फेंडर यांचें १९५१ सालचें बास वाद्य आणि त्या धर्तीचीं पुढचीं वाद्यें यांत घोडीवर स्क्रू असल्यामुळें उंची घरींही जुळवितां येते. जाड तार अधिक रुंद झुलते, म्हणून तिला जागा मात्र जास्त द्यावी लागते.

ह्या परीक्षांत वाद्य उतरलें तर कारागिरास पैसे देण्याचें कारण नाहीं, हेंही आम्ही स्पष्ट सांगतों. मान पिळलेली असेल किंवा पडदे वरखालीं असतील, तर दुरुस्तीच्या खर्चांत न पडतां वाद्य मुदतींत परत करावें. बाकीच्या बहुतेक वाद्यांस, विशेषतः स्वस्त वाद्यांस, एकदां कुशल हात लागावा असें आम्हांस वाटतें. ज्या पालकांचा खर्च ठरलेला आहे त्यांनीं एक पायरी खालचें वाद्य घेऊन उरलेली रक्कम जुळणीस ठेवावी. दुरून पाहणाऱ्यास महाग वाद्य शोभेल, पण बोटांस जुळलेलें वाद्यच आवडतें.

राहतां राहिला आमच्या कोंकणचा पावसाळा. लांकूड ओल पितें आणि फुगतें. तेंही लांबीच्या दिशेनें अगदीं थोडें व रुंदीच्या दिशेनें पुष्कळ. गिटारीची वरची फळी कडेनें चिकटविलेली असल्यामुळें तिला बाजूस पसरतां येत नाहीं, म्हणून ती पोटासारखी वर येते आणि घोडीस व तारांस घेऊनच वर येते. कोरड्या प्रदेशांत बनलेलें व मे महिन्यांत जुळविलेलें वाद्य आगस्टांत जड लागतें तें ह्यामुळें. तेव्हां शाळा सुरू होण्याच्या सुमारास गिटार घेणाऱ्यांनीं बाराव्या पडद्यावरील उंची वहींत लिहून ठेवावी, पावसाळ्यांत वाद्य पेटींत मिटून ठेवावें, आणि गणपतीनंतर तीच उंची पुन्हां मोजावी. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पडला असेल तर कारागिराकडे जावें, आणि जातांना मुलास बरोबर न्यावें. कारण तो ज्या पट्टींत वाजवितो व जेवढ्या जोरानें वाजवितो, तें त्याच्या हातूनच कारागिरास ऐकावयाचें असतें.