उतरवणं सोपं, टिकवणं ही साधना (गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)



आजचं वाचन सहाव्या अध्यायातलं. ध्यानाला आसन कसं असावं, पाठ कशी ठेवावी, नजर कुठे असावी हे सांगता सांगता भगवंत एकदम आपल्या ताटाकडे वळतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो मुळीच खात नाही त्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करतो.

हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचले होते. पण दर वेळी मला त्यातला अर्धाच भाग ऐकू यायचा: "फार खाऊ नकोस." उरलेला अर्धा कळायला बरीच किंमत मोजावी लागली.

माझं काम खुर्चीवरचं. घरून काम सुरू झालं आणि वजन ८८ किलोवर गेलं. तपासणीत फॅटी लिव्हर निघालं. बाबांना मधुमेह पन्नाशीच्या आतच झालेला, त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा खरंच घाबरलो. मोबाइलवर एक डाएट सापडलं, दिवसाला जेमतेम ९०० कॅलरी. दहा आठवड्यांत ११ किलो उतरले. मीटिंगमध्ये सगळे विचारायचे, "काय केलंस रे?" आणि मला आतून वाटायचं, आपण इंद्रियं जिंकली.

त्यातच एकादशी आली. मी पाणीही न घेता उपवास धरला. संध्याकाळी आरतीला उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. आईने धरलं, बसवलं, हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवू लागली. "देवाला दाखवलेला आहे रे, घासभर तरी घे."

मी विचारलं, "आई, यात साखर किती आहे?"

ती काही बोलली नाही. वाटी परत झाकून ठेवली.

पुढे दिवाळी आली आणि चकलीचा डबा उघडला. एकदा सुटलेला हात थांबेना. आठ महिन्यांत मी ९१ किलोवर होतो, म्हणजे सुरुवातीपेक्षा तीन किलो जास्त. गुरुवारच्या भजनाला जाणं बंद केलं. लोक बघतील, ही लाज. देवासमोर बसलं तरी मनात एकच विचार, माझ्यात निग्रहच नाही.

याच काळात दुसऱ्या अध्यायातल्या ५९ व्या श्लोकापाशी थांबलो. भगवंत म्हणतात की जो अन्न सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात खरे, पण गोडी आत तशीच राहते. ती गोडी परमतत्त्वाच्या अनुभवानेच सुटते. वाचून हसूच आलं. माझं नेमकं हेच झालं होतं. चकली ताटातून गेली होती, मनातून नाही!

विज्ञानही याच्या जवळपासच येतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांचं वजन उतरलं. पण त्यांचं सगळं चित्त अन्नाभोवती फिरू लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. नंतर पोटभर मिळू लागलं तरी कित्येकांचं समाधान होईना.

याचं कारण शरीरात आहे. वजन उतरलं की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. शरीर लहान झाल्यामुळे त्याला ऊर्जाही कमी लागते. म्हणजे भूक जास्त, गरज कमी. शिवाय उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पहिल्या आठवड्यातली मोठी घट तर बरीचशी पाण्याचीच असते. तेव्हा परत वाढलेलं वजन म्हणजे आपण पापी आहोत असा निकाल नव्हे. शरीर आपला जीव वाचवायला बघत असतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण मुद्दाम उपाशी आहोत!

सतराव्या अध्यायात भगवंत अजून स्पष्ट बोलतात. दंभाने आणि अहंकाराने जे घोर तप करतात, ते शरीरालाही पीडतात आणि शरीरात राहणाऱ्या मलाही. त्या आरतीच्या वेळी मी कोणाला उपाशी ठेवलं होतं, हे तेव्हा कळलं.

मग दुसऱ्यांदा सुरुवात केली, या वेळी "युक्त" हा शब्द धरून. सॉफ्टवेअरवाल्यांना पटेल असं सांगतो: लॉन्च एका रात्रीत होतं, मेंटेनन्स वर्षानुवर्षं चालतो. म्हणून एकच नियम ठेवला. जे दहा वर्षं करता येणार नाही, ते आजही करायचं नाही.

आहार: ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला. भात-पोळी दोन्ही न घेता एकच काहीतरी. वरण घट्ट, रोज एक उसळ, दही किंवा ताक. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या वरण-भाताच्या ताटात तीच कमी पडतात. पोट भरलेलं राहतं ते प्रथिनांनी आणि चोथ्याने.

उपवास: "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे आपल्याच घरांवरून पडलेलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि बटाटा. आता एकादशीला फळं, दूध, मूठभर दाणे आणि भरपूर पाणी. वाचलेला वेळ नामाला.

विहार: सकाळी अर्धा तास चालणं, जेवणानंतर शतपावली, आठवड्यातून तीनदा जोर-बैठका. स्नायू टिकवायचे तर नुसतं चालून भागत नाही.

झोप: भगवंतांनी ती आहाराच्या बरोबरीने सांगितली आहे. रात्री दोनपर्यंत जागलं की दुसऱ्या दिवशी हात फरसाणाकडेच जातो, हा माझा अनुभव.

असे १३ किलो उतरायला चौदा महिने लागले. आता दोन वर्षं वजन ७८ च्या आसपास आहे. कंबर १०२ सेंटिमीटरवरून ८९ वर आली. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात, कारण आपल्याकडे चरबी पोटावर जास्त साठते. लिव्हरचा रिपोर्टही सुधारला.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवणाऱ्यांची. उतरवण्याचे त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. पण टिकवणाऱ्यांपैकी बहुतेक जण रोज साधारण तासभर हालचाल करतात, सकाळची न्याहारी चुकवत नाहीत आणि आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. चमत्कार कुठेच नाही, नित्यनेम आहे. वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि घसरलो तर? घसरतोच. लग्नसराईत दोन किलो वाढतात. तेव्हा सहाव्या अध्यायातलाच २६ वा श्लोक आठवतो: मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला परत आणावं. फटकावून आणा, असं तिथे म्हटलेलं नाही. पुढचं जेवण मापात घ्यायचं, एवढंच परतणं.

आता आरती झाली की मीच हात पुढे करतो. "आई, थोडाच दे हं." ती म्हणते, "थोडाच असतो रे. प्रसाद तळहातावर मावेल एवढाच."

आजचा अभ्यास: रात्रीचं एक जेवण मोबाइल बाजूला ठेवून करा. पहिल्या घासाआधी नाम घ्या, आणि अजून दोन घासांची जागा आहे असं वाटेल तिथे थांबा. बस, एवढंच.

(मधुमेहाची किंवा इतर काही औषधं चालू असतील, गर्भारपण असेल, किंवा खाण्याच्या विचाराने मन फार त्रस्त होत असेल, तर उपवास आणि डाएट डॉक्टरांना विचारूनच.)

उद्या याच अध्यायातला १९ वा श्लोक, वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा. राम कृष्ण हरी!